आत्याचा पाय

१६ मार्च

बाळ,

मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही. तुझ्या त्या बेटाकडे बोट पंधरवड्याने सुटते, तिच्यात आधी डिझेल चढतं, मग पिठाची पोती आणि उरलेल्या कोपऱ्यात टपाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्रं वाटेत भिजून गेली असतील असं मी समजून चालते. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

घरी सगळं ठीक. वरच्या मजल्यावर एक नर्स राहायला आली आहे. बोलकी आहे. किल्ली विसरली म्हणून परवा आपल्याकडे येऊन बसली आणि काचेच्या टाकीसमोरून हलेचना. म्हणाली, "काकू, ही प्लॅस्टिकची का हो? काय मस्त डुलते."

मी म्हटलं, "प्लॅस्टिकची नाही, माझी नणंद आहे."

मग सगळं सांगावं लागलं. तुझे बाबा फ्रीज-मेकॅनिक. बंद होणाऱ्या एका माशांच्या दुकानातलं गारव्याचं मशीन काढायला म्हणून गेले आणि संध्याकाळी बादलीत हे समुद्रफूल घेऊन आले, कुणी घेतलं नाही तर दुकानदार ते गटारात ओतणार होता म्हणून. मी विचारलं, ही कोण आता? म्हणाले, बहीण मानली आहे, इथेच राहील. पुढे तू झालीस. रांगायला लागलीस तशी काचेला नाक लावून बसायचीस. बोलायला लागल्यावर तुझ्या तोंडी तिचं नाव आत्याच झालं. खरी आत्या तुला नव्हतीच.

नर्स हसून म्हणाली, "तुमचं बरं आहे. नणंद काचेच्या पलीकडे आहे. माझी अलीकडे असते आणि डब्यात काय आहे ते रोज उघडून बघते."

खूप दिवसांनी घरात कुणी मोठ्याने हसलं. तू असायला हवी होतीस, असं लिहिणार होते. पण तू त्यावरही काहीतरी म्हणशील.

बाबांच्या आजारपणात पाठवलेल्या त्या निरोपाबद्दल तू मला विचारलंस आणि उत्तर पुरं व्हायच्या आत बॅग उचललीस. बाबा कॉटवर होते. म्हणाले, "लिही, जरा बरं नाही, काळजीचं कारण नाही. पोरीचं तिकडचं समुद्रातलं काम अर्धवट राहायला नको." मी तेच बंदरावरच्या ऑफिसात लिहून दिलं आणि तेच तुला वायरलेसवरून वाचून दाखवलं गेलं. आपल्याकडे 'जरा बरं नाही' म्हटलं की ऐकणारा चप्पल पायात घालतो, असा आमच्या पिढीचा समज. तू शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच घेतलास. बोट गेली आणि पुढची यायच्या आत बाबा गेले. नंतर आलीस तेव्हा म्हणालीस, "आपल्या घरात लिहिलेल्याचं काही खरं नसतं."



आत्या बरी आहे. हल्ली जरा आखडून असते इतकंच.

आई


५ एप्रिल

बाळ,

उकाडा लवकर सुरू झाला. टाकीचं गारव्याचं मशीन आवाज करतं. बाबांनी ते आइस्क्रीमच्या जुन्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर काढून बसवलं होतं, नळ्या कुठल्या आणि पंखा कुठला ते त्यांनाच माहीत. आत काय आहे याचा कागद त्यांनी कधी केला नाही. मी आहे ना, म्हणायचे.

दुकानातले काका येऊन गेले. तुझ्या बाबांचे भागीदार म्हणून बोलावलं की येतात, पण हल्ली दारातूनच घाम पुसायला लागतात. मशीन उघडून बराच वेळ नुसते बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, त्याने हे काय करून ठेवलंय! मला आत्ता भेटला तर आधी दोन शिव्या देईन."

"माझ्याही दोन सांगा," मी म्हटलं.

गॅस गळतोय म्हणाले. भरून दिला. गळती कुठून आहे ते सापडलं नाही आणि हा कॉम्प्रेसर आता मिळत नाही. नवं मशीन आणून ह्या नळ्यांना जोडता येईल का, ते त्यांनी विचारून बघितलं. टाकी रिकामी करून भिंतीतून सगळं उपटावं लागेल म्हणे आणि तेवढ्यात आतलं काही जगणार नाही. "तरी बघू," म्हणाले. त्यांचं 'बघू' तुला माहीत आहे.

मी वाचनालयातून दोन पुस्तकं आणली आहेत. बाबा होते तोवर मला ह्या टाकीतलं फक्त पुसणं माहीत होतं. आता कळतंय की घरात एवढी वर्षं काय होतं. मला वाटायचं ती आपल्या जागी बसून मासे मिळाले तर खाते आणि बाकी नुसती दिसते. तर तिच्या बोटांच्या आत बारीक शेवाळ राहतं, डोळ्याला न दिसणारं. ते उजेडावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं तिला देतं. तिचा तो तपकिरी रंग तिचा नाहीच, ह्या भाडेकरूंचा आहे. पाणी तापलं की हे जमत नाही आणि ती त्यांना बाहेर काढून टाकते. भाडेकरू गेले की घर पांढरं पडतं आणि स्वयंपाकही बंद.

हे तुला मी सांगतेय! तू हसत असशील. हस.

टाकीतलं जोकर माशांचं जोडपं ठीक आहे. मादी मोठी आणि तापट, नर तिच्या मागे मागे. तू कॉलेजात होतीस तेव्हा म्हणाली होतीस की मादी मेली तर नराची मादी होते, तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हणजे ही आधी गेली तर मला पोळ्या लाटाव्या लागणार." उलटं झालं तर काय, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. पुस्तकात बघितलं. नर मेला तर मादीला काहीच व्हावं लागत नाही. ती आहे तशी राहते आणि वाट बघते.

आत्या कडेने जराशी फिकट वाटते. उजेडाचा खेळही असेल.

आई


२० एप्रिल

बाळ,

मशीन बंद पडलं. ते गेल्या आठवड्यातच पडलं, मी लिहिलं नाही.

बाटल्यांत पाणी भरून बर्फ करते आणि टाकीत सोडते. बर्फ वितळला की बाटली बदलते. खिडक्यांना चादरी लावल्यात, दिवा कमी ठेवलाय. नर्स तिच्या फ्रीजरमध्येही बाटल्या ठेवते. तिची नणंद आली तर काय म्हणेल, विचारलं, तर म्हणाली, "म्हणेल ही मेली पाण्यावर जगते." दुपारी मात्र काही चालत नाही. मी काचेवरच्या थर्मामीटरकडे बघते आणि तो माझ्याकडे.

आत्या पांढरी पडली आहे. फिकट नाही, पांढरी. टोकं आधी, मग देठ. आता ती उकळून काढलेल्या कापडासारखी दिसते. सुरुवातीला मला वाटलं भुकेली आहे, म्हणून कोळंबी दिली. मोठा तुकडा दिला, खाईल तेवढं खाऊ दे म्हणून. तिने धरला आणि थोड्या वेळाने जसाच्या तसा बाहेर टाकला. मी पुन्हा दिला. मला दुसरं काय येतं? आजाऱ्याला खायला घालणं एवढंच मी आयुष्यभर केलं.

मासे तिला सोडत नाहीत. मादी तिच्यात शिरते, अंग घासते, बाहेर येऊन काचेला धडक देते, परत शिरते. मी वाचलं की समुद्रात प्रवाळाच्या भिंतीवर ज्याला घर म्हणता येईल ते हिच्यासारखीच्या भरवशावर असतं. जोकर मासे तिच्यात लपतात, कारण दुसरा कुणी तिच्याजवळ गेला तर त्याला डंख बसतो. पायाशीच्या दगडावर, तिच्या बोटांच्या सावलीत ते अंडी घालतात. बदल्यात तिची बोटं कुरतडायला आलेल्या माशांना हाकलतात, तिच्या अंगावरून पाणी खेळतं ठेवतात आणि त्यांची घाण तिच्या शेवाळाला खत होते. शिवाय बारीक कोळंब्या, चिमुकले खेकडे आणि काळ्या माशांची पिल्लं, जी मोठी झाल्यावर निघून जातात. एक खोली आणि एवढं बिऱ्हाड. तिला विचारून कुणी राहत नाही आणि ती कुणाला जा म्हणत नाही. ती पांढरी पडल्यावर बाकीच्यांनी जायचं कुठे, ते पुस्तकात एका ओळीत उरकलं आहे.

काल बंदरावरच्या ऑफिसात गेले. वायरलेसवर बसतात त्या बाई त्याच आहेत, चष्म्याच्या. मला ओळखलं.

"बोला मावशी, कुणाला बरं नाही?"

"आत्याला," मी म्हटलं.

"कुणाच्या आत्याला?"

"मुलीच्या."

त्यांनी पेन उचललं. "म्हणजे तुमच्या नणंदबाई. काय झालंय?"

मी म्हटलं, "पांढऱ्या पडल्यात. काही पोटात ठरत नाही."

बाईंचा चेहराच बदलला. "रक्त कमी झालं असणार. वय?"

"माझ्या मुलीपेक्षा मोठ्या," मी म्हटलं, आणि ते खरंच आहे.

मग त्यांनीच सांगितलं की तिथून यायला बोटीत माणसांच्या जागा थोड्या असतात, पण रक्ताचं नातं अत्यवस्थ असेल तर आधी त्याला देतात. "जरा बरं नाही असं मोघम लिहू नका हां मावशी. त्याने जागा मिळत नाही." आणि माझ्याकडून काही वदवून न घेता त्यांनीच लिहिलं: आत्या अत्यवस्थ, लगेच निघावे. वाचून दाखवलं. मी मान हलवली.

मी खोटं बोलले नाही. पण खरं काय ते सांगितलंही नाही, आणि बोट येणार आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

आई


२ मे

बाळ,

बोट लागली तेव्हा मी धक्क्यावर होते. केस नीट विंचरले होते, घर आवरून निघाले होते. माणसं उतरली. शेवटी एक दांडगा माणूस उतरला, खांद्यावर वळकटी, हाताला भाजल्याचे डाग. तो सगळ्यांचे चेहरे बघत बघत माझ्यापाशी आला.

"ताईंच्या आई का?"

"हो."

"मी तिथला आचारी. ताईंची जागा त्यांनी मला दिली. बायकोला आठवा महिना आहे आणि आत्ताच त्रास सुरू झालाय, आमच्या भावाचा निरोप आला. पण बायको रक्ताच्या नात्यात बसत नाही म्हणाले, आधी ताई. तर ताई म्हणाल्या, तू जा." त्याने मान खाली घातली. "तुमच्या नणंदबाईंचं ऐकलं काकू. मला फार ओशाळं झालंय."

"बायको कशी आहे?"

"काय माहीत. आत्ता जातोय."

"मग इथे कशाला उभा राहिलास?"

"निरोप आहे ना."

माझ्या एका मान हलवण्याने ह्या माणसाची जागा गेली असती. आणि तू ती जाऊ दिली नाहीस. मला तुझा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तुझा इतका राग आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी तुझ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "ताई सकाळी पाण्यात जातात, दुपारी परत जातात. वर आल्या की पाण्याखाली पाटीवर लिहिलेलं वहीत उतरवून काढतात. ताट समोर ठेवलं तर गार होतं. मी एकदा विचारलं, ताई, खाली आहे तरी काय एवढं? तर म्हणाल्या, बर्फ पडलाय." त्याने वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मी पण बघितलंय काकू, गुडघाभर पाण्यात. आधी तिथं कसले रंग होते! आता सगळं चुन्यासारखं. ती समुद्रातली फुलं असतात ना, ती पण. आणि ते केशरी मासे त्या पांढऱ्या फुलांतच बसून. मी पाय टाकला तर माझ्या अंगावर येतात. राखायला काही उरलं नाही आणि राखतात."

मग निरोप. तोंडी सांगायचा, असं तू बजावलं होतंस. "ताई म्हणाल्या, आमच्या घरी लिहिलेल्याचं काही खरं नसतं. म्हणून मी बोटीत पूर्ण वेळ घोकत आलोय. पहिलं म्हणजे, इथे सगळ्याच आत्या तशा झाल्यात." त्याने माझ्याकडे बघितलं. "हे मला काही कळलं नाही. ताईंना आत्या तरी किती?"

"पुष्कळ आहेत," मी म्हटलं.

"आणि दुसरं, आईला सांग आत्याचे पाय धर." हे त्याने फार हळू सांगितलं. वर स्वतःचंही जोडलं, "बरोबर आहे काकू. नणंद-भावजयीत होतं काहीतरी. शेवटाला कसला रुसवा? धरून टाकावेत पाय."

मी त्याला जा म्हटलं, बायको वाट बघत असेल म्हटलं. तो गेला.

सगळ्याच आत्या तशा झाल्यात, हे मला कळलं. तू का लिहीत नाहीस, तेही बहुतेक कळलं. जिथे सगळंच जातंय तिथून एकीसाठी कुणी कसं यावं? पण दुसरं कळलं नाही. किंवा कळलं आणि नको वाटलं.


४ मे

पाय धर म्हणालीस. कुणाचे आणि कशाबद्दल? जे बाबांनी सांगितलं ते मी लिहिलं. जिला मी काही करू शकत नाही तिचे पाय धरून काय होणार?

हे टपालात टाकतेय. मग मला बोल लाव.


११ मे

बाळ,

हे पत्र आणि आधीची दोन तुला एकदमच मिळतील, बोट अजून सुटलेली नाही. चार तारखेचं परत मागून घेणार होते. टपालवाला पोत्यात हात घालायला तयारही झाला. पण मग राहू दे म्हटलं.

परवा काका बादली घेऊन आले. मी बोलावलं नव्हतं, नर्सने सांगितलं असावं. टाकीत डोकावले आणि त्यांनी जीभ टाळूला लावून च् केलं.

"वहिनी, गेली ही."

"कशावरून?"

"दिसतंय की. पांढरीफटक. अशी सडायला लागली ना, तर टाकीचं विष होईल. मग मासेही जातील. काढून टाकू. निदान ती दोघं तरी वाचतील."

मी माशांकडे बघितलं. मादी तिच्या मधोमध होती. हिला काढली तर ती वाचून जाणार कुठे, हे मी काकांना विचारलं नाही. ते म्हणाले, "मी काढली असती, पण मला तो डंख बाधतो. मागे त्याच्याबरोबर टाकी धुतली होती तर हात सुजून पाव झाला होता. तुम्हीच काढा. पटकन. विचार करू नका."

मी बाही वर केली. पाणी कोमट होतं, अंघोळीचं वाटावं असं. पूर्वी तिच्या बोटांना हात लागला की ती चिकटायची, जिभेसारखी खरखरीत. आता नुसती लागली. मादी माझ्या अंगठ्याला चावली. मी हात आणखी खाली नेला. जिथे ती दगडाला बसते तिथे बोटं घातली आणि पकडलं. पुस्तकात त्या भागाला पाय म्हणतात. हे मी कितीदा वाचलं होतं, पण वाचलेलं सगळं त्या वेळी डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात तुझा निरोप होता, आणि मी मनात म्हटलं, घे, धरला पाय.

आणि ओढला. आला नाही.

जोर लावला. दगड हलला, ती नाही. माझ्या बोटांखाली ती आणखी आवळली. इतकी मऊ चीज आणि एवढा जोर! मी हात तसाच ठेवला. कोपरापर्यंत पाण्यात, काका मागे बादली धरून, आणि तिथे मला तुझा निरोप कळला. तू पाय धर म्हणाली नव्हतीस. आत्याचा पाय धरून आहे का बघ, असं म्हणाली असशील. त्या बिचाऱ्याने घोकता घोकता त्यातलं बघायचं तेवढं समुद्रात सांडलं आणि उरलेल्याचा त्याला जो अर्थ माहीत होता तो आणून मला दिला.

काका म्हणाले, "काय झालं वहिनी? अडकली का?"

"पाय धरून आहे."

"कुणाचे?"

मला हसू आलं आणि ते थांबेना. काकांनी बादली खाली ठेवली आणि नर्सला हाक मारली. त्यांना वाटलं मला काहीतरी झालं.

मग मी त्यांना बसवलं आणि पुस्तक उघडून दाखवलं. मेलेली सुटते, तिला धरता येत नाही. पांढरी म्हणजे मेलेली नव्हे, म्हणजे तिच्या घरात स्वयंपाक करणारं कुणी उरलं नाही. बारीक बारीक तुकडे दिले तर ती त्यावर तग धरू शकते आणि पाणी निवलं तर शेवाळ परतही येतं, हळूहळू. मी मोठाले तुकडे कोंबत होते. आता कोळंबी नखाएवढी चिरते. काल एक ठेवून घेतला. आज घेतला नाही.

तुकडे चिरणं माझ्या हातात आहे. पाणी निवणं नाही. काका अजून कॉम्प्रेसर शोधतायत. जुन्या बाजारात जाऊन आले, हात हलवत परत आले. उन्हाळा अजून बराच आहे. म्हणजे ती धरून आहे, आणि मी ज्या पाण्यात तिला ठेवलंय ते रोज तिची बोटं एकेक करून सोडवतंय. ह्यात मी काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

आज सकाळी वायरलेसवर काय झालं त्यातलं तू तुझ्या बाजूने ऐकलंस. इकडचं सांगते.

मी बाईंकडे गेले ते खरं सांगायला. आत्या कोण आहे ते सांगून टाकायचं, बोटीतल्या जागेवरून त्या रागावल्या तर रागावल्या. पण मला बघताच त्या उठल्या. "मावशी, काय झालं नणंदबाईंचं? मी त्या दिवसापासून विचार करतेय. आणि ऐकलंत का, त्या आचाऱ्याला मुलगी झाली. कमी दिवसांची आहे, पण रडते जोरात. आणि आत्ता तिकडून हवामान सांगायला तुमची मुलगीच बसली आहे. बोलता का? नियमात नाही, पण बोला."

माझी काहीच तयारी नव्हती. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, ते काळं यंत्र हातात दिलं आणि शिकवलं की बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, सोडलं की तिकडचं ऐकू येतं.

मी दाबलं. आणि लिहिताना जे येतं त्यातलं काही आलं नाही. म्हटलं, "आत्या पांढरी आहे. पाय धरून आहे. मशीन बंद आहे, ते दुरुस्त होणार नाही. मी बर्फ टाकते. दुपारी पाणी एकतीस डिग्री होतं."

बाईंचं पेन थांबलं. "आत्या पाण्यात आहेत?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. यंत्राकडेच बघत राहिले. तू काही बोलत नव्हतीस. मला वाटलं तू उठून गेलीस. मग वाटलं रडतेस. मग वाटलं, तू रागावलीस, एवढं सगळं मरत असताना ही एका टाकीचं काय सांगते म्हणून.

बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, बटण सोडा. तुम्ही सोडल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही."

मी अंगठा काढला. आधी नुसती खरखर. मग तू म्हणालीस,

"इथेही एकतीसच आहे, आई."

मी बटण दाबलं नाही आणि तूही गेली नाहीस, कारण खरखरीत मला तुझा श्वास कळत होता. बाईंनी चष्मा काढून पुसला. दारात माणसं यायला लागली होती, कुणाला बोटीचं विचारायचं होतं. त्यांनी हाताने त्यांना थांबायला सांगितलं आणि लाइन चालूच ठेवली.

आई